टेस्ट लिहिताय की दुसऱ्याच्या सर्व्हरवर जुगार लावताय?

'फाइल इज नॉट अ झिप फाइल.' आपल्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या रीडमीतली (माहितीच्या फाइलीतली) एक चुकलेली कमांड दुरुस्त करणाऱ्या, एका ओळीच्या पीआरवर (बदल सुचवणाऱ्या विनंतीवर) सीआयने, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेने, हे सुनावलं. पाठवणारा नवा होता, ही त्याची पहिलीच पीआर. रीडमीतल्या ओळीने झिप कशी काय बिघडेल?

लॉग उपसत बसले आणि मस्तकात तिडीक गेली. पार्सरच्या (फाइल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या कोडच्या) टेस्टला ज्या नमुना फाइली लागतात त्या रेपोत, म्हणजे आपल्या कोडच्या साठ्यात, नाहीतच. कधीकाळी कुणीतरी त्या स्वतःच्या वेबपेजवर झिप करून ठेवल्या, ती यूआरएल टेस्टमध्ये चिकटवली आणि प्रोजेक्ट सोडून गेला. आता ते पेज उडालंय. सर्व्हरने सरळ ४०४ ('पान सापडलं नाही' हा कोड) दिला असता तर निदान दोन मिनिटांत कळलं असतं. त्याने दिलं 'हे पान उपलब्ध नाही' असं एक एचटीएमएल पान, आणि स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक'. आपल्या डाउनलोडरने ते डॉट झिप नावाने सेव्ह केलं. चेकसम (फाइल तीच आहे ना हे पडताळणारा आकडा) कुणी लिहिलाच नव्हता. वर सीआयने ती फाइल कॅशमध्ये (पुन्हा वापरायच्या साठ्यात) टाकली, म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक रनला तोच कचरा. आतलं उघडून बघितलं तर पहिल्याच ओळीत डॉकटाइप एचटीएमएल! एवढं बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

कष्ट घेतले नाहीत ते नाहीत, वर प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या एका मेंटेनरने त्या मुलालाच लिहिलं: 'टेस्ट फेल होतायत, कृपया बघा.' त्याने काय बघायचं? तो बिचारा लिहितो, 'सॉरी, माझं काय चुकलं कळत नाहीये,' आणि पीआर बंद करून निघून जातो. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. माणसं मिळत नाहीत म्हणून आपण रडतो, आणि जो आपणहून येतो त्याला आपल्या घाणीबद्दल माफी मागायला लावतो.

आणि ते 'रीरन करून बघ' म्हणणं आधी बंद करा. डोक्यात जातं. रीरनने हिरवं झालं म्हणजे टेस्ट पास झाली असं नाही, समोरचा सर्व्हर या वेळी जागा होता एवढंच कळलं. त्यावर उपाय म्हणून कुणी रीट्राय लावतो, मग रीट्राय वाढवतो, मग मध्ये स्लीप घालतो. शेवटी खरा बग आला तरी सगळे म्हणतात, 'ती टेस्ट फ्लेकीच आहे, मर्ज कर,' म्हणजे ती अशीच कधी पास, कधी फेल होते, बदल आत घे.

डॉकरचं, म्हणजे सॉफ्टवेअर तयार पेटीत (इमेजमध्ये) देणाऱ्या साधनाचं, तेच. डेटाबेसच्या टेस्टसाठी इमेज ओढायची आणि टॅग काय, तर लेटेस्ट, म्हणजे त्या वेळी जी असेल ती! आज हिरवी असलेली ब्रँच उद्या एकही ओळ न बदलता लाल होते. या इमेज जिथून येतात त्या डॉकर हबने २०२० च्या नोव्हेंबरपासून लॉगिन नसलेल्या आयपीला सहा तासांत १०० पुलची (डाउनलोडची) मर्यादा घातली. सामायिक आयपीवरच्या रनरला (टेस्ट चालवणाऱ्या मशीनला) ती कधी लागेल याचा नेम नाही, तरी लॉगिनशिवाय पुल करणारी सीआयची वर्कफ्लो फाइल अजून जिवंत आहे. २०२१ च्या ३० सप्टेंबरला वेबसाइटना फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं जुनं रूट सर्टिफिकेट संपलं आणि जुन्या ओपनएसएसएलवर (सुरक्षित कनेक्शनच्या लायब्ररीवर) टेस्ट धडाधड पडल्या. त्या तारखेची सूचना कितीतरी आधी मिळालेली होती.

चेकसम लावला की सुटलो, असंही नाही. २०२३ च्या ३० जानेवारीला गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे (कोडच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांचे) चेकसम बदलले, कारण गिटने आतलं जीझिप (फाइल दाबून लहान करणारा भाग) बदललं होतं. आतल्या फाइली त्याच, बाइट वेगळे. जगभरचे बिल्ड कोसळले आणि गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा हॅश, म्हणजे चेकसम, लावायचा तो रिलीजला स्वतः अपलोड केलेल्या फाइलीवर, मागणीनुसार बनणाऱ्या टारबॉलवर नाही.

'मग सगळं रेपोतच टाकू,' असं म्हणणारे लगेच येतात. टाका, पण बघून टाका. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनात २०२४ साली बॅकडोअर (चोरवाट) कुठे लपवलं होतं? टेस्टच्या फाइलींत. मुद्दाम बिघडवलेले कॉम्प्रेस्ड नमुने म्हणून ते बिनबोभाट आत गेले, कारण बायनरी फाइलीचा डिफ (आधी-नंतरचा फरक) कुणी वाचत नाही. म्हणून माझा हट्ट आहे: बायनरी नमुना आत येणार असेल तर तो बनवणारी स्क्रिप्ट सोबत हवी, आणि तो कुठून आला, लायसन्स काय, हे शेजारी लिहिलेलं हवं. आपल्या झिपमधल्या निम्म्या फाइलींचं लायसन्स काय आहे हे आज एकालाही सांगता येत नाही. डेबियन या लिनक्सवाले बिल्डच्या वेळी नेटवर्कला हात लावू देत नाहीत, त्यामुळे आपलं पॅकेज करणाऱ्याने निम्म्या टेस्ट पॅच करून बंद ठेवल्यात. तो वर्षानुवर्षं हे करतोय आणि आपण त्याला साधं विचारलंही नाही.

हे अवघड आहे असं मला सांगू नका. सीपायथॉनच्या, म्हणजे पायथॉनच्या मूळ आवृत्तीच्या, टेस्ट रनरमध्ये नेटवर्क लागणाऱ्या टेस्ट मुळात बंद असतात. हव्या असतील तर 'यू नेटवर्क' असं सांगून चालू कराव्या लागतात, आणि बाहेरचं पान लागलंच तर त्यांचं स्वतःचं पायथॉनटेस्ट डॉट नेट आहे. आपल्याकडे उलटं. नेट नसेल तर टेस्ट गुपचूप स्किप होते आणि 'टेस्ट पास' दाखवणारा बॅज हिरवाच राहतो! अख्खा पार्सर मोडला असता तरी कळलं नसतं.

मी सीआयच्या मुख्य जॉबला नेटवर्क नन लावलंय, म्हणजे नेट बंद. जे काही बाहेर जाईल ते तिथल्या तिथे पडेल. नमुना फाइली जुन्या कॅशमधून मिळाल्या, त्या हॅशसकट वेगळ्या रेपोत ठेवल्यात. नेट लागणाऱ्या टेस्टसाठी रात्रीचा स्वतंत्र जॉब आहे, तो कुणाचीही पीआर अडवणार नाही. 'थोडे दिवस थांबूया' अशी कॉमेंट माझ्या या बदलावर आधीच आली आहे. थांबणार नाही. ज्या टेस्ट लाल होतील त्यांच्यापुढे गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ज्याचं नाव येईल त्याला मी टॅग करणार आहे, आणि यापुढे नव्या माणसाच्या पीआरवर 'टेस्ट बघा' लिहिण्याआधी लॉग आपण वाचायचा.