क्लायंबिंग वॉल आणि तळघरातली शेगडी

गेल्या आठवड्यात भाचीबरोबर एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचा कॅम्पस बघायला गेले होते. एक हसतमुख विद्यार्थी उलट्या पावलांनी चालत आम्हा पंधरा-वीस जणांना फिरवत होता. (अमेरिकेतल्या या टूर गाइड पोरांना उलटं चालायला कोण शिकवतं देव जाणे. पायरीवरून पडलेला एकही मी अजून पाहिलेला नाही.) नवी जिम झाली, पोहण्याचा तलाव झाला, काचेची सायन्स बिल्डिंग झाली, आणि शेवटी हुकमाचा एक्का टाकावा तशी क्लायंबिंग वॉल, म्हणजे चढाईच्या सरावाची कृत्रिम भिंत, आली. "मावशी, बघ ना!" भाची हरखली. मी बघितली. चांगली होती. तासाभरात आम्हाला ती दोनदा दाखवली, एकदा आतून आणि एकदा बाहेरून काचेतून. चढणारं मात्र दोन्ही वेळा कोणी नव्हतं.

मी अशाच एका कॉलेजात चार वर्षं काढली. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार करणार आहे. जिम आमच्याकडेही होती. तिच्याबद्दल मला आज एवढंच आठवतं की ती होती.

विसरता येत नाही ती तळघरातली शेगडी. पहिल्या वर्षीचा डिसेंबर. परीक्षा संपल्या, दोन दिवसांत सगळा कॅम्पस रिकामा झाला, आणि मग कळलं की डायनिंग हॉलही बंद. तीन आठवडे. विमानाचं तिकीट न परवडणारे आम्ही अकरा जण उरलो होतो. आम्हाला आपापल्या खोल्यांतून काढून एका डॉर्ममध्ये एकत्र ठेवलं, कारण बाकीच्या इमारतींचं हीटिंग कमी करायचं होतं. त्या डॉर्मच्या तळघरात एक स्वयंपाकघर: दोन चुली चालणारी इलेक्ट्रिक शेगडी, झाकण नसलेलं एक पातेलं, आणि भिंतीवर 'कृपया स्वच्छता राखा'. सुपरमार्केट चार मैलांवर. शनिवारची कॉलेजची व्हॅन सुट्टीत बंद. बर्फातून पाठीवर बटाटे वाहून आणताना पहिल्यांदा लक्षात आलं की ज्या चकचकीत पुस्तिकेवर भुलून आपण इथे आलो, तिच्यात डिसेंबर महिनाच नव्हता. सगळे फोटो ऑक्टोबरचे होते.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि 'कुठलं कॉलेज चांगलं?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवते. सुविधा बघायची तर तिची किल्ली कोणाकडे आहे ते बघा. ती कधी उघडते, कधी बंद होते, आणि ती चालवण्यात मुलांचा हात किती आहे. उरलेलं सगळं फोटोपुरतं.

ज्यांना ही भानगडच नवीन आहे त्यांच्यासाठी: लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकलेचं कॉलेज नव्हे. फिजिक्सही तिथे शिकतात, अर्थशास्त्रही. बहुतेक ठिकाणी फक्त पदवीपर्यंतचं शिक्षण, साधारण दीड-दोन हजार मुलं, आणि जवळजवळ सगळी कॅम्पसवरच राहणारी. म्हणजे कॉलेज हेच गाव. वर्ग चांगला नसला तर एक सेमिस्टर सोसता येतं. जेवणघर चांगलं नसलं तर दिवसातून तीनदा सोसावं लागतं.

किल्ली म्हणजे काय म्हणते ते सांगते. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात १९६८ पासून एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे. तिथे न्यूक्लिअर इंजिनिअरिंग हा विषयच शिकवत नाहीत, पण ती भट्टी चालवतात मुख्यतः पदवीचे विद्यार्थी. रीतसर प्रशिक्षण घेऊन, केंद्र सरकारच्या अणुनियामक आयोगाची परीक्षा देऊन, परवाना मिळवून. त्यांत साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकणारी मुलंही असतात. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या हातात अणुभट्टी! मोठ्या विद्यापीठात या वयाच्या मुलाला चांगल्या यंत्राच्या खोलीत शिरायला आधी पीएच.डी.वाल्यांची रांग सरावी लागते. छोट्या कॉलेजात वरची फळी नसतेच, म्हणून यंत्र थेट तुमच्या वाट्याला येतं. हा या जागांचा खरा फायदा आणि टूरवर तो नीट कोणी सांगतच नाही.

ओहायोतल्या ओबर्लिनची गोष्ट तर मला फार आवडते. तिथलं कलासंग्रहालय १९४० पासून विद्यार्थ्यांना मूळ चित्रं भाड्याने देतं, अगदी किरकोळ भाड्यात. पिकासोसुद्धा. सेमिस्टरभर आपल्या डॉर्मच्या भिंतीवर, कपड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी. हवं ते चित्र मिळावं म्हणून पोरं आदल्या रात्री तंबू ठोकून रांग लावतात. त्याच ओबर्लिनमध्ये विद्यार्थ्यांच्या सहकारी मेस आहेत: सामान आणणं, स्वयंपाक, भांडी, हिशेब, सगळं मुलांनीच करायचं. शंभर माणसांची खिचडीवजा काहीतरी एकोणीस वर्षांच्या मुलाने शिजवली तर ती कशी लागत असेल याची कल्पना आहे मला. तरीही मी तीच मेस निवडीन.

मिनेसोटातल्या कार्लटनला कॅम्पसला लागून एक साधं घर आहे. डेसी मोझेस नावाच्या आजी तिथे राहायच्या आणि विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवायच्या. १९८१ मध्ये त्या गेल्या तेव्हा घर कॉलेजला देऊन गेल्या. आजही तिथे कोणीही विद्यार्थी जाऊन कुकीज भाजू शकतो. पीठ, साखर, लोणी घरातच असतं. काम झालं की भांडी घासून ठेवायची, बस. मला सांगा, त्या डिसेंबरात मला क्लायंबिंग वॉल हवी होती की हे?

आणि काही सुविधा तर डोळ्यांना दिसतच नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्डमध्ये परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. मुलांनी पेपर घ्यायचा, लिहायचा, आणून द्यायचा. अशा विश्वासावर चालणारी ही आचारसंहिता मुलं स्वतः दरवर्षी मतदान करून नव्याने मंजूर करतात. केंटकीचं बेरिया १८९२ पासून ट्यूशन फी घेत नाही. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करतो. तिथे झाडू मारणारा आणि वर्गात पहिला येणारा बरेचदा एकच असतो.

मी स्वतः लायब्ररीच्या काउंटरवर रात्रपाळी करायचे. (विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं.) रात्री एकला दिवे मालवून बाहेरचं दार माझ्या हाताने बंद व्हायचं. परीक्षेच्या आठवड्यात कोणीतरी हमखास "पाचच मिनिटं" म्हणून गयावया करायचं आणि मी वीस द्यायचे. कॉलेज आपलं आहे असं मला ज्या दिवशी वाटलं, त्या दिवशी ती किल्ली खिशात होती.

आता छोटेपणाची दुसरी बाजू, जी गाइड सांगत नाही आणि प्रवेश कार्यालय तर मुळीच सांगत नाही. जेवणघर एकच. ज्याच्याशी बिनसलं तो दिवसातून तीनदा ट्रे घेऊन समोर. विभागात प्राध्यापक तीन. त्यांतल्या एकीशी पटलं नाही आणि दुसरा सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनाच्या लांब रजेवर, गेला की तुमचा विषय म्हणजे तिसरा माणूस. मला हवा असलेला कोर्स एका वर्षाआड होता, मी परदेशी सेमिस्टरला गेले आणि तो नेमका तेव्हाच होऊन गेला. समुपदेशकाची वेळ मिळायला मला तीन आठवडे लागले, तेही नोव्हेंबरात, जेव्हा साडेचारला अंधार पडतो. आणि ज्या देखण्या विटांच्या जुन्या इमारतींचे फोटो आपण काढतो, त्यांतल्या कितीतरींना लिफ्ट नसते. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा, इमारती त्याच्या शंभर वर्षं आधीच्या. माझ्या वर्गातली एक मुलगी चार वर्षांत इंग्रजी विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर एकदाही जाऊ शकली नाही. प्राध्यापक खाली यायचे. ते खाली यायचे याचं सगळ्यांना कौतुक. लिफ्ट का नाही हे कोणी विचारायचं नाही. मीही नाही विचारलं.

या छोटेपणावर काही कॉलेजांनी उपाय काढलेत. मॅसॅच्युसेट्सच्या एका खोऱ्यातल्या शेजारशेजारच्या पाच संस्थांनी बस आणि वर्ग वाटून घेतलेत, एकीची मुलं दुसरीत कोर्स करतात. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला तर पाच कॉलेजं भिंतीला भिंत लावून. लायब्ररी सामायिक, आणि एका कॉलेजातलं जेवण आवडलं नाही तर चालत दुसऱ्यात जायचं. मला विचाराल तर अशी शेजारीण असलेलं छोटं कॉलेज एकट्या डोंगरावरच्या छोट्या कॉलेजपेक्षा कधीही बरं, नावाचा दबदबा थोडा कमी असला तरी.

पालकांनी आणखी एक गोष्ट बघावी: पैसा. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ चं. २०२४ च्या एप्रिलअखेरीस त्यांनी जाहीर केलं की हे सेमिस्टर संपलं की कॉलेज बंद. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जायचं कुठे? व्हर्जिनियाच्या स्वीट ब्रायरनेही २०१५ मध्ये अशीच घोषणा केली होती. तिथल्या माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, वर्गणी जमवली आणि कॉलेज वाचवलं. सगळ्यांचं असं होत नाही. म्हणून नवी कोरी इमारत दिसली की मी आधी विचारते, कर्ज काढून बांधली की देणगीतून? गाइडला उत्तर माहीत नसतं. कार्यालयात कोणाला तरी असतं, आणि ते द्यायला किती वेळ लावतात त्यावरून बरंच कळतं.

परतताना गाडीत भाची रुसून बसली होती. तिच्या वॉलचं कौतुक मी पुरेसं केलं नव्हतं. वीस मिनिटांनी तिने विचारलं, "मग मी काय विचारायला हवं होतं?" मी म्हटलं, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरात सगळे घरी जातात त्या सुट्टीत, इथे कोण राहतं आणि ते काय खातात.

तिने आज कॉलेजला तशी ईमेल पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या यादीतल्या कॉलेजला आम्ही फेब्रुवारीत जातोय, टूर न घेता, रविवारी रात्री. दहानंतर लायब्ररीच्या काउंटरवर जो कोणी बसला असेल त्याच्यासाठी कॉफी घेऊन जाणार आहे.