वळणावरचा फुगीर आरसा काढू नका

गावच्या ग्रुपवर फिरणारा एक संदेश काल मला तिसऱ्यांदा आला. वळणावरचे फुगीर आरसे काढून सपाट आरसे लावावेत, अशी पंचायतीकडे मागणी करायचं त्यात घाटतंय. कारणं चार: फुगीर आरशात प्रतिमा खूप मागे तयार होते म्हणून गाडी लांब वाटते, सपाट आरसा खरं दाखवतो, फुगीर आरसा ऊन एकवटून सुक्या गवताला आग लावतो, तडा गेला की अर्धीच गाडी दिसते.

आमच्या वळणावर दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती आहेत. आरसा नसेल तर पलीकडची बस थेट अंगावर आल्यावरच कळते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

गाडी लांब वाटते, हे खरं. कारण मात्र साफ चुकीचं. समजा आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याची त्रिज्या २ मीटर, म्हणजे त्याची नाभी, दूरचे किरण जिथून पसरल्यासारखे वाटतात तो बिंदू, आरशामागे १ मीटरवर. बस आरशापासून २० मीटरवर असेल तर तिची प्रतिमा आरशामागे फक्त ९५ सेंटिमीटरवर पडते. ४० मीटरवर असली तरी ९८ सेंटिमीटरच्या आतच. बहिर्गोल, म्हणजे फुगीर, आरशात प्रतिमा नाभीच्या पलीकडे जातच नाही. मग लांब का वाटते? ती लहान होते म्हणून. ३ मीटर उंचीची बस २० मीटरवरून जेमतेम १४ सेंटिमीटरची दिसते, आणि इवलीशी बस म्हणजे लांबची बस, असा डोळ्याला सवयीचा हिशेब.

चवथीच्या आधी चिंचेने घासलेली पितळी कळशी आठवा. तिच्या फुगीर पोटात मखर, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी, दारातली माणसं, सगळं एकदम मावतं, पण मुठीएवढं. बोट जवळ नेलं की बोटाची प्रतिमा झपाट्याने मोठी होते. वळणावर नेमकं हेच बघायचं. बस ४० मीटरवरून २० वर आली की प्रतिमा ७ सेंटिमीटरची १४ होते, जवळजवळ दुप्पट. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणून आरशात अंतर मोजत बसू नका. गाडी दिसली आणि वाढत असली की थांबा.

आता सपाट आरसा. ६० सेंटिमीटर रुंदीच्या सपाट आरशाकडे १० मीटरवरून बघितलं तर त्याच्यापासून २० मीटरवरच्या रस्त्याची जास्तीत जास्त १.८ मीटर रुंद पट्टी दिसते; आरसा तिरका लावल्यावर तीही कमी होते. तेवढ्यात एक बसही पुरती मावत नाही. त्याच मापाचा, वर धरलेल्या त्रिज्येचा फुगीर आरसा त्याच अंतरावरची १२ मीटरहून जास्त रुंदी दाखवतो. भिंतीच्या कडेने येणारा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, सपाट आरशाच्या पट्टीबाहेरच राहील. आकार खरा दिसला, पण माणूसच दिसला नाही, तर त्या खरेपणाचा उपयोग काय?

आगीचं तर अजिबात पटण्यासारखं नाही. ऊन एकवटतो तो अंतर्गोल, म्हणजे खोलगट आरसा, सौर चुलीच्या तबकडीसारखा. बहिर्गोल आरसा किरण पसरवतो.

तडा गेलेल्या आरशाबद्दल थोडं तथ्य आहे. एकाच जागी उभं राहून बघितलं तर फुटलेल्या भागातून दिसणारा रस्ता खरोखर जातो. पण उरलेला तुकडाही बहिर्गोलच असतो. दोन पावलं सरकलात की त्यातून रस्त्याचा दुसरा भाग दिसतो. तडा गेलेला आरसा बदलून घ्यावा, हे मात्र मलाही मान्य. मागणीच करायची तर तीच करा, आणि आणखी एक: पावसाळ्यात आरशावर चढणारं शेवाळ पुसायला माणूस नेमा. आमच्या वळणावरचा आरसा गेल्या रविवारी मी ओल्या फडक्याने पुसला. खालच्या कडेला दोन बोटं हिरवा थर होता, आणि नेमका तिथेच स्कूटरवाल्यांचा रस्ता दिसतो.