ग्लेशियर वितळले की विदर्भात पाणीच पाणी म्हणे!

"हिमालयातले ग्लेशियर वाढून राहिले आहेत, ग्लोबल वॉर्मिंग हा परदेशी लोकांचा धंदा आहे, बर्फ वितळला तरी थंडीत परत गोठतो, ग्लासातला बर्फ वितळून पाणी सांडत नाही तसा समुद्रही वाढत नाही, अन् ग्लेशियर वितळलेच तर फायदा, गंगेचं पाणी नदीजोडमधून विदर्भात येईल." ग्लेशियर वाढतात पण अन् वितळले तर फायदा पण, एकाच मेसेजात! आमचे मोठे बाबा वरुडकडचे संत्रावाले, त्यांनी हे ग्रुपवर टाकलं तोवर ठीक होतं, पण पानठेल्यावर सांगत होते का आता अजून दोन एकर संत्रा लावतो, पाणी तर येऊनच राहिलं. तिथं माझं डोकं सरकलं, कारण वरुडचं भूजल किती खाली गेलंय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तर आधी पाण्याचंच. वर्धा निघते मुलताईजवळ, वैनगंगा शिवनी जिल्ह्यात, दोन्ही सातपुड्यातल्या, पावसावर चालणाऱ्या, हिमालयाचा थेंब नाही त्यात. वैनगंगा-नळगंगा नदीजोड म्हणजे गोसीखुर्द धरणाचं पाणी बुलढाण्याकडे, विदर्भातलंच विदर्भात. अन् पाटण्याला गंगा समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटरवर, नागपूर 300 च्या वर, मधात विंध्य अन् सातपुडा. मोठे बाबा, एवढं पाणी चढवायचं लाइटबिल कोण भरणार?

बरं, वितळून वाढलेलं पाणी कायमचंही नसते. वावर विकून आलेल्या पैशाला कोणी उत्पन्न म्हणते का? आधी काही वर्षं नदी फुगते, मग वितळायला बर्फच कमी उरला की पाणी घटते, काठमांडूच्या आयसीमॉड संस्थेनं 2023 च्या अहवालात नदीला सगळ्यात जास्त पाणी शतकाच्या मधात येईल, मग घटेल असं मांडलंय. अन् ते पाणी काही नळानं येत नाही, मागं सरकणाऱ्या ग्लेशियरपुढे तळी साचतात. सिक्कीमचं साउथ ल्होनाक तळं असंच वाढत गेलं, ऑक्टोबर 2023 मध्ये काठाचा मोठा भाग आत कोसळून ते फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, माणसं मेली. हा "फायदा" तिथं जाऊन सांगा म्हणावं.

ग्लेशियर वाढतात, यात थोडं मान्य करावंच लागते. हिमालयाच्या वायव्येकडच्या काराकोरम डोंगररांगेतले काही खरंच टिकून होते, काही थोडे वाढलेही. अन् आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या 2007 च्या अहवालात हिमालयातले ग्लेशियर 2035 पर्यंत संपतील असं छापलं होतं ते चूक निघालं, 2010 मध्ये त्यांनी कबूल केलं. मेसेजवाले तेवढंच धरून बसले. पण 2019 मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या विज्ञानाच्या मासिकात अभ्यास आला, त्यात अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी सॅटेलाइटचे फोटो वापरून हिमालयातल्या 650 ग्लेशियरची जाडी 1975 पासून कशी बदलली ते मोजलं. 2000 नंतर बर्फ जायचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट, वर्षाला सरासरी दीड फुटाच्या आसपास जाडी कमी. ते फोटो शीतयुद्धात दुश्मनावर नजर ठेवायला काढलेले, त्यात कोणाचा कसला धंदा?

ग्लासाचं उदाहरण तरंगणाऱ्या बर्फाला लागू आहे. ग्लेशियर जमिनीवर असते, त्याचं पाणी समुद्रात बाहेरून येऊन पडते.

अन् थंडीत परत गोठते म्हणणाऱ्यांनो, त्या 2019 च्या अभ्यासात 1975 ते 2016 चा हिशोब आहे, तेवढे सगळे हिवाळे त्यात धरूनच बर्फ कमी भरला.