डोंगराचं वजन गुणिले एक दगड

"आमचो डोंगर सोन्याचो निघालो" असं वर लिहून आमच्या एका काकांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी तोच रिक्षावाल्याने दाखवला, संध्याकाळी मुंबईच्या आतेभावाकडून पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: सावंतवाडीकडच्या एका डोंगरातला दगड तपासला, टनाला 18 ग्रॅम सोनं निघालं. डोंगर 2 कोटी टनांचा, म्हणजे 360 टन सोनं. सोनभद्रलाही असंच 3,000 टन सापडलं. सरकारी अहवालात 'साठा' म्हटलंय. जमिनी आत्ताच घेऊन ठेवा.

गुणाकार बरोबर आहे. घोळ त्याच्या दोन्ही बाजूंना आहे.

आधी तो दगड. 18 ग्रॅम खरे असतीलही. पण तो उचलला का? चमकला म्हणून. पेटीतला वरचा थर बघून कुणी कलमांच्या बागेचा सौदा करत नाही, इथे तर एकच आंबा आहे. त्यात सोनं भलतं लहरी. गारेच्या (पांढऱ्या गारगोटीच्या) शिरेत, म्हणजे खडकातून गेलेल्या अरुंद पट्टीत, ते कणाकणाने विखुरलेलं असतं. एक टपोरा कण नमुन्यात आला की आकडा आभाळाला भिडतो, हातभर पलीकडचा नमुना जवळजवळ कोरा निघतो. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून आपल्या परड्यात लागेलच असं नाही, हे कोकणात कुणाला शिकवायला नको. म्हणूनच ठरावीक अंतरावर ड्रिलिंग करून दगडाच्या कांड्या काढतात, त्यांचे तुकडे पाडून प्रत्येकाची तपासणी करतात, आणि एखादा आकडा फारच उडालेला दिसला तर सरासरी काढण्याआधी त्याला कात्री लावतात.

आता 2 कोटी टन. डोंगराचं वजन तेवढं असेल, पण सोनं डोंगरभर नसतं, शिरेत असतं. सढळ हाताने धरू: शीर 200 मीटर लांब, 50 मीटर खोल, 1 मीटर जाड. झाले 10,000 घनमीटर. घनमीटरला 2.7 टन म्हणजे 27,000 टन दगड. सरासरी 3 ग्रॅम पडली तर सोनं 81 किलो. ती 1 मीटर जाडीसुद्धा तपासूनच घ्यायची. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते, तसं ड्रिल शिरेतून तिरकं गेलं की शीर आहे त्याहून जाड दिसते.

उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रचं तर उलटंच झालं. फेब्रुवारी 2020 मध्ये 3,350 टनांची बातमी देशभर फिरली, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला: खनिज 52,806.25 टन, सरासरी टनाला 3.03 ग्रॅम. मोबाइलवर गुणून बघा, 160 किलो येतात. हा खुलासा मात्र काकांपर्यंत पोचलेला नाही.

'साठा' या शब्दाने मराठीत फार गोंधळ घातलाय. साठा म्हटलं की आपल्याला कणगीतलं भात दिसतं: मोजलेलं, घरात आलेलं. जमिनीखालच्या खनिजाचं तसं नसतं. आपल्याकडे शोधाच्या पायऱ्या जी-4 पासून जी-1 पर्यंत मोजतात. जी-4 म्हणजे नुसती प्राथमिक पाहणी, जी-1 म्हणजे सविस्तर शोध. तिथवर पोचूनही, काढायचा खर्च भागतो हे दाखवल्याशिवाय त्याला काढण्याजोगा साठा म्हणता येत नाही. कोलारची खाण 3 किलोमीटरच्याही खाली गेली होती. 2001 मध्ये ती बंद झाली तेव्हा खालचं सगळं सोनं संपलं होतं असं नाही, ते वर आणणं परवडेना.

(आणि कांड्या काढल्या म्हणजे भागलं असंही नाही. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये नमुन्यांतच बाहेरचं सोनं मिसळलं होतं, ते 1997 मध्ये उघडकीला आलं.)

राहिल्या जमिनी. सोन्यासारख्या खनिजाचे खाणपट्टे 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर लिलावाने दिले जातात, सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून खाण काढता येत नाही. काकांना एवढंच विचारलं, की मेसेज पाठवणाऱ्याकडे त्या डोंगराखालचे किती गुंठे विकायला आहेत? अजून उत्तर आलेलं नाही.