राखून ठेवलेला गाल

विधानसभेत सोलापूरच्या पाण्याची लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, मंगळवारी कामकाजाच्या यादीत सातव्या क्रमांकावर होती, ती बुधवारी तिसऱ्यावर आली. एवढ्यावरच खूश होऊन मी बाळीवेशीतल्या सलूनमध्ये टीव्हीसमोर दाढीला बसलो. घरचं पाणी तळाला गेलेलं, तेव्हा साबणाचा फेस तरी दुसऱ्याच्या पाण्याचा!

दुकानवाल्या अण्णांना अधिवेशनाचं भारी वेड. अध्यक्ष उभे राहिले की यांचा वस्तरा माझ्या गळ्याशी थांबतो.

"नियम १०५ आहे साहेब! मंत्र्याला निवेदन करावंच लागतंय की."

प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला. कामकाज दहा मिनिटं तहकूब. अण्णांनी वस्तरा खाली ठेवला आणि चहा सांगितला.

"अहो, तुमचं कामकाज तरी चालू ठेवा."

"सभागृहच बंद हाय, तुम्ही घाई कशाला करायलाव?"

डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर फेस वाळतोय, आणि बाकावरचे दोघं माझ्याकडे पाहून हसतायत. कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे म्हणे कामकाज सल्लागार समिती ठरवते. ठरवत असेल. आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा वट तिच्यापेक्षा जास्त आहे. त्याने चावी फिरवली की निदान काहीतरी वाहतं. ११७ टीएमसीचं उजनी आमच्याच जिल्ह्यात, आणि आम्ही नळाची वाट बघत पिंपं मोजत बसायचं. यावर बोलायलाही नंबर लावावा लागतो, आणि तो नंबरही सरकतो.

सभागृह परत भरलं. पहिली झाली, दुसरी झाली. अण्णांनी आवाज वाढवला. मंत्रिमहोदय वरच्या सभागृहात असल्याने तिसरी लक्षवेधी राखून ठेवण्यात येत आहे. झालं.

"मेली नाही हं साहेब," अण्णा मला धीर देत म्हणाले, "अधिवेशन संपून संस्थगित झालं की मग मरते."

तेवढ्यात बायकोचा फोन. "पाणी सुटलंय! उद्याचं आजच सोडलंय, मोटर लागत नाहीये, या लवकर!"

मी तसाच उठलो. अण्णांनी पैसे पूर्ण घेतले. "उजवा गाल उद्या पहिल्या क्रमांकावर घेऊ."

घरी पोचलो तोवर चावीवाला पुढच्या गल्लीत गेला होता. वेळ बदलल्याचं गल्लीत कुणालाच कळवलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंची पिंपं तेवढी काठोकाठ भरलेली. त्यांना कसं कळलं, ते त्या सांगत नाहीत.