‘एका ओळीचे ४५०० रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक तारा काल रात्री पाहिला. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तुमच्या साइटवर गिऱ्हाइकांच्या कार्ट रिकाम्या झाल्या, मोदकांच्या ऑर्डरी हातच्या गेल्या आणि तुम्ही फोन लावलात तेव्हा आमच्याकडे कोणी उचलला नाही. फोनबद्दल मनापासून माफी मागतो. तेव्हा मी लोकलमध्ये लटकत होतो आणि फोन बॅगेत होता, पण त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय.

आता तुमचं वाक्य : “मंगळवारी एक ओळ टाइप केली, ४५०० रुपये घेतले आणि दोन दिवसांत सगळा डेटा उडवला.” हे वाचून एक चौकशी परत गेली. दादरच्या या गाळ्याचं भाडं मी आणि बायको मिळून भरतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ओळ एकच होती, कबूल. इतर वाचणाऱ्यांसाठी : रेडिस म्हणजे साइटला पटकन लागणारा डेटा मेमरीत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि मेमरीस्टोर म्हणजे गूगल ते भाड्याने चालवून देतं ती सेवा. गूगल क्लाउडच्या मेमरीस्टोरवर रेडिसची सेटिंग कमांड लाइनवरून बदलायची तर गूगलच्या जीक्लाउड या टूलची कमांड लागते : रेडिस इन्स्टन्सेस अपडेट, मग इन्स्टन्सचं, म्हणजे तुम्ही घेतलेल्या रेडिसचं, नाव, मुंबईचा रीजन म्हणून एशिया-साउथ१, आणि अपडेट-रेडिस-कॉन्फिग या फ्लॅगपुढे मॅक्समेमरी-पॉलिसी, म्हणजे मेमरी भरली की काय काढायचं याचा नियम, जी हवी ती. तुमच्याकडच्या मुलाने त्याआधी दोन तास साइटच्या कोडमधून रेडिसचीच ‘कॉन्फिग सेट’ ही कमांड पाठवून पाहिलं होतं आणि एररच येत होती. मेमरीस्टोरवर ती कमांड बंदच ठेवलेली असते. त्याला दोष देत नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरच्या रेडिसला ती चालते.

पण ‘जी हवी ती’ म्हणजे कुठली? पैसे ते ठरवण्याचे होते. मेमरीस्टोरला बाहेरून जोडता येत नाही, त्याच नेटवर्कमधलं मशीन लागतं. तुमची साइट क्लाउड रनवर, जिथे सर्व्हर गूगलच सांभाळतं, म्हणजे लॉगइन करून बसावं असं मशीनच नाही. म्हणून एक छोटं व्हीएम, म्हणजे क्लाउडवरचं भाड्याचं मशीन, उभं केलं आणि त्यावरून आत गेलो. आत गेल्यावर ‘कीज’ ही कमांड मारून साठवलेल्या नोंदींची सगळी यादी एकदम मागवता येते, पण रेडिस एका वेळी एकच कमांड चालवतं, यादी निघेपर्यंत तुमची गिऱ्हाइकं ताटकळली असती. तेव्हा ‘स्कॅन’ने थोडं थोडं करत पाहिलं. चहा दोनदा गार झाला.

सापडलं ते असं. तुमच्या रेडिसच्या १ जीबी मेमरीत मखरं, कापूर, मोदक यांची साइटवरची तयार पानं साठवलेली, आणि त्यांना आपोआप पुसलं जाण्याची मुदतच नाही. गिऱ्हाइकांच्या कार्टना मात्र ७ दिवसांची मुदत. पॉलिसी होती व्होलाटाइल-एलआरयू, मेमरीस्टोरवर मुळात तीच असते. तिचा नियम असा की मेमरी भरली की ज्यांना मुदत लावली आहे त्यांच्यातूनच काढायचं. म्हणजे मागच्या वर्षीच्या मखराचं पान आत आरामात बसलेलं आणि आज सकाळी २१ मोदक टाकलेल्या बाईची कार्ट बाहेर! इव्हिक्टेड-कीजचा, म्हणजे जागेअभावी काढलेल्या नोंदींचा, आकडा आमच्यासमोर वाढत होता. ‘कार्ट आपोआप रिकामी होते’ म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलंत, त्याचं कारण हे. रिव्ह्यूमध्ये तुम्ही लिहिलंय की हा त्रास आमच्यानंतर सुरू झाला. ते मला लागलं.

मग ऑलकीज-एलआरयू लावली. ती मुदत बघत नाही, बराच वेळ कोणी न विचारलेलं आधी काढते. रेडिस हे नमुना घेऊन, अंदाजाने ठरवतं, त्यामुळे शंभर टक्के खात्री नाही. खरा इलाज पानांना मुदत लावणं हाच, आणि ते तुमच्या कोडमध्ये करावं लागेल, हे मंगळवारी बोललो होतो. ते अजून झालेलं नाही.

पॉलिसी बदलल्याने साठवलेलं सगळं पुसलं जात नाही. डेटा गेला तो वेगळ्या कारणाने : गुरुवारी रात्री ११:३७ ला इन्स्टन्सचा आकार १ जीबीचा २ जीबी केला गेला. तुमचा टियर, म्हणजे सेवेचा प्रकार, बेसिक, आणि बेसिकवर आकार बदलला की आतलं सगळं साफ होतं. स्टँडर्डला दुसरी प्रत असते, तिथे तसं होत नाही, पण तो महाग म्हणून तुम्ही नको म्हणालात. असा बदल कोणत्या खात्यातून झाला हे ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे गूगल ठेवतं त्या बदलांच्या नोंदवहीत, ४०० दिवस राहतं आणि तो लॉग कोणाला बंद करता येत नाही. खात्याचं नाव इथे लिहीत नाही. आमचं नाही, एवढंच.

आता आमची बाजू. ‘मेमरी कमी पडतेय’ हे मीच म्हटलं होतं. ‘पण आकार वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा’ हे म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. यापुढे काम संपल्यावर काय करायचं नाही याची नोट मराठीत लिहून देऊ, आणि रात्रीच्या फोनचंही काहीतरी बघतो.

एक राहिलं. ते छोटं व्हीएम काम झाल्यावर काढायला निघालो तेव्हा ‘असू दे, लागेल’ असं तुम्ही म्हणालात. ते अजून चालू आहे आणि त्याचं भाडं तुमच्या खात्यावर पडतंय. काढून टाकायची कमांड आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे. तीही एकाच ओळीची आहे. तिचे पैसे लावलेले नाहीत.