चार लिंक बांधल्या म्हणजे चौपट वेग मिळतो का?

नेटवर्कमधील दोन उपकरणांमध्ये सेकंदाला १ गिगाबिटच्या चार लिंक एकत्र बांधल्या की ४ गिगाबिट वेग मिळतो, एलएसीपी (अशा लिंकचा गट जुळवणारा प्रोटोकॉल) सगळा भार आपोआप समान वाटतो, आणि तसे न दिसल्यास स्विच सदोष समजावा, असा दावा सर्रास केला जातो. त्यावर विसंबून उपकरणे खरेदी केली जातात, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

आधी वेगाचे पाहू. पाठवणारे उपकरण प्रत्येक पॅकेटच्या हेडरमधील पत्ते आणि, तशी सोय निवडली असल्यास, पोर्ट क्रमांक (कोणत्या प्रोग्रामची वाहतूक आहे ते सांगणारे) घेऊन त्यांचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने येणारी एक छोटी संख्या, काढते आणि त्यावरून लिंक निवडते. एका टीसीपी (डेटा क्रमाने व खात्रीने पोहोचवणारा प्रोटोकॉल) जोडणीतील सर्व पॅकेटमध्ये ही माहिती तीच असल्याने हॅशही तोच येतो. म्हणून एका जोडणीतून जाणारी फाइल, मग ती कितीही मोठी असो, १ गिगाबिटच्या एकाच लिंकवरून जाते. ही त्रुटी नाही. लिंक एकत्र बांधण्याच्या २००० सालच्या ८०२.३एडी मानकाचीच अट आहे की एका संवादातील फ्रेमचा (लिंकवरून पॅकेट ज्यात घालून जाते त्या वेष्टनाचा) क्रम बदलता कामा नये. पॅकेट आळीपाळीने चारही लिंकवर टाकावीत, असा उपाय सुचवला जातो. परंतु लिंकवरील रांगा कमीजास्त असल्याने पॅकेट मागेपुढे पोहोचतात, आणि तीच पोच (पॅकेट मिळाल्याची पावती) आणखी तीनदा आली की टीसीपी सहसा पॅकेट हरवल्याचे समजून ते पुन्हा पाठवते व स्वतःचा वेग घटवते. एका जोडणीलाच ४ गिगाबिट हवे असतील, तर १० गिगाबिटची एक लिंक घेणे हाच सरळ मार्ग आहे.

एलएसीपीचा वाटपाशी संबंध नाही. कोणत्या लिंक गटात आहेत एवढेच ते ठरवते. वाटप प्रत्येक टोक आपापल्या परीने करते.

राहिला समान वाटपाचा आग्रह. हॅश जोडण्या वाटतो, बाइट नव्हे. हॅश अगदी निर्दोष धरला, तरी चार जोडण्या चार वेगवेगळ्या लिंकवर पडण्याची शक्यता २५६ पैकी २४, म्हणजे १० टक्क्यांहूनही कमी असते. काही स्विच हॅशचे केवळ ८ कप्पे करतात, त्यामुळे तीन लिंकवर वाटप ३:३:२ असेच होते. स्विचला दोष देण्यापूर्वी हॅशमध्ये काय घेतले आहे ते तपासावे. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये (लिंक एकत्र बांधण्याच्या सोयीत) मूळ पर्याय मॅक पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या पत्त्यांचा, आहे. सगळी वाहतूक एकाच राउटरकडे जात असेल, तर दोन्ही मॅक पत्ते कायम तेच राहतात आणि एकच लिंक भरून बाकीच्या रिकाम्या राहतात. अशा ठिकाणी आयपी पत्ते व पोर्ट धरणारा पर्याय खरोखर उपयोगी पडतो, मात्र त्यालाही मर्यादा आहे. तुकडे झालेल्या पॅकेटच्या पहिल्याच तुकड्यात पोर्ट क्रमांक असतात, म्हणून लिनक्स सर्वच तुकड्यांसाठी पोर्ट वगळते. परिणामी एकाच संवादातील अखंड पॅकेट एका लिंकवरून आणि तुकडे दुसरीवरून जाऊ शकतात, आणि याच कारणाने तो पर्याय मानकाशी पूर्णपणे सुसंगत मानला जात नाही.